अंधारीतला पुकारा

औरंगाबाद, औरंगपुरा
२७ ऑक्टोबर १९५५

यमुनास,

तुझं पत्र पोचलं. वर नुसतं 'यमुनास' लिहिलं आहे, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. 'चि.' लिहिलं की पुढे 'सौ.' लिहावं लागतं आणि ते माझ्या हातून अजून होत नाही.

दिवाळीला तुझ्या लेकीला, शेवंताला घेऊन येऊ का, असं तू विचारलंस. लग्न करून गेल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस आणि तेही नेमकं आत्ता. तुला काय ठाऊक म्हणा. सांगतो.

धाकट्या दमूचं लग्न जमत आलं आहे. स्थळ जालन्याचं. आप्पासाहेब तिथं वकिली करतात, मुलगा मधुसूदन पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहे. उंच आहे, चष्मा आहे, बोलणं मऊ आहे. याआधी दोन स्थळं घरी येऊन पोहे खाऊन गेली. दोघांनीही 'कळवतो' म्हटलं आणि कळवलं नाही. तुझ्या लग्नाची गोष्ट कुठून तरी त्यांच्या कानावर गेलीच. गल्लीतल्या बायकांनी पाणी भरताना दमूला विचारून विचारून हैराण केलं. म्हणून या वेळी पाहुण्यांना घरी बोलवायचंच नाही असं मी ठरवलं. आप्पासाहेबांच्या मंडळींना दौलताबादचा किल्ला पाहायचा आहे. आपणही त्याच दिवशी सहलीला जायचं, दरवाजापाशी गाठ पडायची, 'अरे, तुम्हीही का!' असं म्हणायचं आणि बरोबर हिंडायचं. पसंत पडली तर बोलणी, नाही तर सहल झाली. कुणाचं नाक कापलं जायला नको.

आता मुद्द्याचं. आप्पासाहेबांनी मला विचारलं होतं, "आपल्याला मुली किती?" मी "एक" म्हणालो.

त्यामुळे तू दिवाळीला येऊ नकोस. तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. आणखी एक. आप्पासाहेबांचे मेहुणे कापसाच्या खरेदीला सिल्लोडला येत असतात. त्यांची आणि तुझ्या नवऱ्याची, बद्रीनाथची गाठ पडलीच, तर त्याने औरंगाबादचं नातं सांगू नये. एवढं तू त्याला समजावून सांग.

रझाकारांच्या दिवसांत तुझ्या सासऱ्यांनी, सांडू पाटलांनी, तुम्हा तिघी मायलेकींना बैलगाडीत कडब्याखाली झाकून घाट उतरवून फर्दापूरवरून खानदेशात पोचवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकार वेगळे आणि सोयरीक वेगळी, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या आईला फराळाच्या गडबडीत लिहायला सवड नाही.

अनंतराव

३ नोव्हेंबर

यमुनास,

तुझं कार्ड मिळालं. 'ठीक आहे.' एवढंच! एवढ्यासाठी अख्खं पोस्टकार्ड वाया घालवलंस. शिव्या दिल्या असत्यास तर मी दोन दिवस रागावलो असतो आणि विसरून गेलो असतो. या दोन शब्दांचं काय करायचं माणसानं? खिशात घालून कचेरीत नेलं, परत आणलं, पुन्हा वाचलं. दुसऱ्या बाजूला काही आहे का, तेही पाहिलं.

कार्ड तुझ्या आईच्या हाती लागलं. फराळाच्या गडबडीचं मी लिहिलं होतं ते खोटं होतं. तिला तुझ्या पत्राचा पत्ताच नव्हता. आता कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी समोर बसलेला असतो आणि ती स्वयंपाकघरातून म्हणते, "दमे, त्यांना सांग, ताट वाढलंय." मी म्हणतो, "दमे, तिला सांग, भूक नाही." दमू मध्ये उभी राहून दोघांकडे बघते आणि कुणालाच काही सांगत नाही.

कोर्टाच्या कचेरीत तरी जीव रमावा, तर तिथंही तेच. सारी हयात उर्दूत खटल्यांच्या मिसली लिहिण्यात गेली. आता नवी पोरं माझं टिपण उलटं धरून म्हणतात, "पेशकारसाहेब, हे वाचायचं कुठून?" आणि हसतात. मुन्सफसाहेब चांगले आहेत, तेही हसतात. एक बरं आहे, आवाज अजून शाबूत आहे. पुकारा करणारा शिपाई रजेवर असला की मीच दाराशी उभा राहून पक्षकारांना हाका मारतो. कचेरीच्या बाहेर चिंचेखाली झोपलेला माणूससुद्धा दचकून उठतो.

झोप येत नाही म्हणून संध्याकाळी पाणचक्कीपर्यंत चालत जातो, तिथून दिल्ली दरवाजा, तिथून घर. पाय दुखतात पण डोकं थांबत नाही. रविवारी किल्ल्यावर काय काय दाखवायचं याची मनात उजळणी करतो. यादवांचं सिंहासन इथं होतं, तुघलकानं राजधानी इथं आणली, न्यायनिवाडा इथं व्हायचा आणि कैदीही इथंच ठेवायचे. आप्पासाहेब वकील आहेत, त्यांना हे आवडेल.

तू रागावलीस का, एवढं कळव. दोन शब्दांपेक्षा जास्त लिही.

अनंतराव

७ नोव्हेंबर

चि. यमुनास,

काल किल्ला झाला. जे झालं ते कुणाकडून तरी तुझ्या कानावर येण्याआधी मीच लिहितो. नंतर माझी हिंमत होणार नाही.

सकाळी टांग्यानं निघालो. दमूनं तुझी ती डाळिंबी इरकली नेसली होती. तू जाताना इथंच टाकून गेलीस, ती. कुणाची आहे हे मला ओळखू आलं, पण मी बोललो नाही आणि तुझी आई तर बोलतच नव्हती. दरवाजापाशी आप्पासाहेब, त्यांच्या पत्नी आणि मधुसूदन आधीच येऊन सीताफळं घेत उभे होते. "अरे, तुम्हीही का!" असं मी ठरल्याप्रमाणे म्हणालो. आप्पासाहेब ते वाक्य विसरले आणि "बराच उशीर केलात हो," असं म्हणून मोकळे झाले. दमूला हसू आलं. मधुसूदननं ते पाहिलं आणि तोही हसला. तिथंच जमलं होतं ग सगळं.

वाटाड्या म्हणून फकिरा नावाचा माणूस घेतला. त्याच्याकडे मशाल होती. पण बोलण्याचं काम मीच करत होतो. चिनी महालाशी आलो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान औरंगजेबानं इथं कैदेत ठेवला होता, हे मी सांगितलं. भिंतीवरच्या निळ्या फरश्यांचे तुकडे दाखवले. आप्पासाहेबांच्या पत्नींनी विचारलं, "खायला-प्यायला बरं मिळत असेल का त्याला?" मी म्हटलं, "राजासारखं ठेवलं होतं म्हणतात."

"मग कैद कसली?" मधुसूदन म्हणाला.

दमू म्हणाली, "घरच्यांना भेटता येत नसेल, ती."

ती त्याच्याशी बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती. मी घाईघाईनं सगळ्यांना पुढे काढलं. मधुसूदन मात्र तिच्या बरोबरीनं चालू लागला. तो धरणाबद्दल काही सांगत होता आणि ती मध्येमध्ये प्रश्न विचारत होती. तुझी आई मागून बघत होती. पुष्कळ दिवसांनी तिच्या तोंडावर मी काहीतरी बरं पाहिलं.

मग अंधारी आली. तू लहानपणी पाहिली आहेस. डोंगराच्या पोटातून वर जाणारा तो वळणावळणाचा बोळ. शत्रू आत शिरला की अंधारात आपल्याच माणसांवर वार करायचा, असं वाटाडे सांगतात. फकिरानंही सांगितलं. त्याची मशाल पुढे, मग आप्पासाहेबांची मंडळी, मग आपली, मी शेवटी. वटवाघळांचा वास नाकात बसत होता. एका वळणावर वटवाघळांचा थवाच अंगावर आला. आप्पासाहेब किंचाळले, फकिराच्या हाताला त्यांचा धक्का लागला आणि मशाल खाली पडून विझली.

"हालू नका कुनीबी!" फकिरा ओरडला. "बाजूला खड्डा हाय. हाय तिथंच ऱ्हावा. मी काडी लावतो."

काडी लागेना. एक मोडली, दुसरी ओली. डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसत नव्हता. पुढे कुणीतरी रडायला लागलं आणि दगड गडगडल्याचा आवाज आला. माझी माणसं कुठं आहेत, सगळी आहेत ना, एवढंच मनात आलं आणि तोंडातून कचेरीतला आवाज निघाला. पुकारा करताना क्रम सोडायचा नाही, ही आमची शिस्त. पहिल्या नंबरचा माणूस आधी. तो हजर झाल्याशिवाय किंवा तीनदा हाक मारून गैरहजर ठरल्याशिवाय दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घरातही मी तसंच करत आलो. जत्रेत, मोटारीत, तुम्हाला खानदेशातून परत आणलं त्या दिवशीसुद्धा, आधी थोरली, मग धाकटी.

मी ओरडलो, "यमुनाऽ!"

उत्तर नाही.

"यमुनाऽ, हजर आहेस का?"

यमू, तुला खोटं वाटेल, पण त्या वेळी तू तिथं नाहीस हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मला वाटलं, तूच पडलीस. मी तिसऱ्यांदा हाक मारली. तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. सगळा बोळ घुमला.

आणि मग अगदी जवळून दमू म्हणाली, "नाना, ताई सिल्लोडला आहे. तुम्हीच तिला येऊ नको म्हणून लिहिलंत."

नेमकी तेव्हा फकिराची काडी पेटली.

मशालीच्या उजेडात मला सगळ्यांत आधी आप्पासाहेबांचं तोंड दिसलं. त्यांच्या पत्नींनी डोळे पुसले आणि विचारलं, "ताई कोण?" मी काही बोलायच्या आत तुझी आई म्हणाली, "आमची थोरली. सिल्लोडच्या पाटलांच्या घरी दिली आहे. तिला एक मुलगी आहे." दिली आहे, असं म्हणाली ग ती. तू पळून जाऊन लग्न केलंस आणि ती म्हणते दिली आहे.

वरच्या बारादरीपर्यंत कुणी गेलं नाही. खाली येऊन आप्पासाहेबांनी "कळवतो" म्हटलं. दशम्यांचा डबा न उघडता घरी आला. टांग्यात बसल्यावर तुझी आई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "पुरे झालं आता."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

नाना

१० नोव्हेंबर

चि. सौ. यमुनास,

आप्पासाहेब मंगळवारी कचेरीत आले. मला चहाला बाहेर नेलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "अनंतराव, मुलगी आम्हाला पसंत आहे. मधुसूदनला तर फारच. मोठीचं जे झालं ते झालं, आम्ही काही सोवळ्यात बसलेलो नाही. पण माझ्या घरी अजून माझी आई आहे, भाऊबंद आहेत. लग्नात मोठीचं पाऊल नको, पत्रिकेत नाव नको. पुढेही जाणं-येणं नको. तुम्ही आम्हाला एकच मुलगी म्हणून सांगितलं होतं ना? तेवढंच खरं करून दाखवा."

माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलं. वकीलच तो.

मी विचार करून सांगतो म्हणालो. घरी आलो तर दमू अंगणात गेरूनं जमीन सारवत होती. सगळं सांगितलं. ती सारवत राहिली.

"मला तो आवडला होता, नाना."

"मग हो म्हणू का?"

तिनं हात थांबवला. "ते मला विचारू नका. ताईच्या वेळी तुम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. आता हे माझ्या अंगावर टाकू नका. मी हो म्हटलं तर ताई माझ्यामुळे तुटली असं होईल आणि नाही म्हटलं तर माझं लग्न तिच्यामुळे मोडलं असं होईल. तुमचं तुम्ही बघा."

एवढंसं पोर. मी पाणचक्कीला गेलो, तिथून दिल्ली दरवाजा, तिथून परत गुलमंडी. दुकानांवर आकाशकंदील लागलेत. शहागंजात एकानं ओळखून "पेशकारसाब, खैरियत?" म्हणून विचारलं, तर मी त्याच्यावरच खेकसलो. घरी यायला पाय वळत नव्हते आणि बाहेर राहवत नव्हतं. हो म्हटलं तर दमूचं घर लागतं. चांगलं घर, चांगला मुलगा, तिच्या मनातला. तुझं काय, तू तर तशीही येत नाहीस, कोणता फरक पडणार आहे, असं मी मनाला हजारदा सांगून पाहिलं. पण अंधारीत तुझं नाव घेऊन मी जो ओरडलो होतो, तो आवाज कानातून जाईना. तू पडलीस असं वाटल्यावर माझं जे झालं, ते पुन्हा जन्मभर रोज व्हायला नको.

काल आप्पासाहेबांना लिहून टाकलं. मला दोन मुली आहेत. दोघींचीही नावं पत्रिकेत असतील. हे चालणार नसेल तर आपली भेट किल्ल्यावर सहज झाली होती, एवढंच समजावं.

त्यांचं उत्तर आज एका माणसाबरोबर आलं. जमणार नाही. मधुसूदनचा वेगळा काही निरोप आला नाही. मला वेडी आशा होती, तो तरी एक ओळ लिहील.

दमूनं सकाळपासून वेणी घातलेली नाही. इरकलीची घडी घालून ती तुझ्या पेटीत ठेवून दिली. ताईवर रागावली आहेस का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाही. पण आज माझ्याशी बोलू नका." तिचं चांगलं होईल असं मला वाटत राहतं आणि होईलच याची खात्री देता येत नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तिचं नुकसान झालं आहे.

दिवाळीला लेकीला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं. तुला भाऊ नाही. म्हणून मीच मुराळी होऊन येतो आहे. तुझी आई म्हणते, आधी विचारा तरी, ती येईल का. मी विचारणार नाही. तू 'ठीक आहे' एवढंच लिहिशील आणि मला पुन्हा काही कळणार नाही.

तुझा
नाना

सिल्लोड, धनत्रयोदशी

चि. सौ. यमू,

हे तुझ्याच ओट्यावर बसून लिहितो आहे. सांडू पाटील रानाकडे निघाले आहेत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देतो. तू संध्याकाळी घरी येणारच आहेस, पण मला इथं अचानक बघून तू दारातूनच मागे फिरलीस तर माझ्यानं बघवणार नाही. म्हणून आधी कळवतो.

बसमधून उतरून घर विचारत आलो. दाराशी आलो आणि हाक मारायला तोंड उघडेना. तिथंच उभा राहिलो. तुझ्या सासूबाई, चतुराबाई, बाहेर आल्या. मला ओळखलं त्यांनी.

"आवो, उनात कामून हुभे? वर या. यमुना अन् बद्री कापूस येचायला गेलेत." मग म्हणाल्या, "पानी देऊ का? का अजून बी आमच्या हातचं चालत नाय?"

मी पाणी प्यालो. भाकरी दिली, ती खाल्ली. ठेचा लई तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं. चतुराबाईंना ते ठेच्याचंच वाटलं असेल.

मग शेवंता आली. तुझंच कपाळ आहे. हातात भुईमुगाच्या शेंगा घेऊन समोर उभी राहिली.

"तुमी कोन?"

मी म्हटलं, "मी तुझा आजोबा."

"माझा आजोबा तिकडं गोठ्यात गेलाय बैलं सोडायला."

"ते वडलांचे वडील. मी आईचे वडील."

ती मान हलवून म्हणाली, "ते मेलेत. आईनं सांगितलं."

चतुराबाई तिच्यावर धावून गेल्या. मी त्यांना अडवलं आणि विचारलं, कधी सांगितलं असं? त्या खाली बघत म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू. तुमचं येऊ नको म्हनून पत्र आलं ना, त्या दिशी. त्याच्या आधी रोज घोकायची पोरीपाशी, आजोबा औरंगाबादला हायेत, दिवाळीला जायचं, आजोबा फुलबाजे देतील. पोरगी रोज इचारायची, कधी जायचं? मंग काय सांगनार ती?"

यमू, मला राग आला. खरं सांगतो. पिशवी उचलली, वहाणा घातल्या, फाटकापर्यंत गेलो. जिवंत बापाला मारून टाकतेस? मग आठवलं, मी आप्पासाहेबांना काय सांगितलं होतं. फाटकाची कडी हातात धरून बराच वेळ उभा होतो. कुणी थांबवलं नाही आणि कुणी जा म्हटलं नाही. परत येऊन ओट्यावर बसलो.

शेवंता तिथंच होती. मी तिला म्हटलं, "आजोबा मेले होते. आता परत आलेत."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. शेंग सोलली, एक दाणा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "मंग आता परत मरनार का?"

मी नाही म्हणून सांगितलं आहे. तू लवकर ये.

नाना